मक्सवरची लिंक वारंवार पडते? पॅसिव्ह असो वा ॲक्टिव्ह, कपाट उघडण्याआधी हे वाचा

ठाणे-बेलापूर पट्ट्यातली नेहमीची मांडणी अशी: वागळे इस्टेटमध्ये ऑफिस, महापे किंवा ऐरोलीत डेटा सेंटर, मध्ये भाड्याने घेतलेली डार्क फायबरची (स्वतःची यंत्रं लावून वापरायच्या रिकाम्या फायबरची) एक जोडी. त्या जोडीवर आठ-दहा सेवा चालाव्यात म्हणून दोन्ही टोकांना वेगवेगळ्या तरंगलांबीचे प्रकाश एकत्र करणारा आणि पुन्हा वेगळे करणारा मल्टिप्लेक्सर, म्हणजे आपला मक्स. तक्रारही ठरलेली असते. लिंक पडते, आपोआप उठते आणि दोन दिवसांनी परत पडते. मी पोहोचेपर्यंत निकालही लागलेला असतो: "मॅडम, पॅसिव्ह मक्स स्वस्तातला आहे ना, म्हणून होतंय. ॲक्टिव्ह घेऊन टाकू."

घ्या, पण आधी दोष शोधा. फायबर वाकलेली किंवा कनेक्टर मळका असेल तर महागडं यंत्र लावूनही लिंक पडणारच. फक्त पडल्याचा ईमेल येईल.

लक्षणं

एकच चॅनल (एक तरंगलांबी, म्हणजे एक सेवा) बंद आणि बाकीचे सुरळीत असतील तर रस्त्यातली केबल जवळजवळ निर्दोष समजा. दोष त्या चॅनलच्या एसएफपीत (स्विचमध्ये बसणारा, प्रकाश पाठवणारा आणि घेणारा छोटा तुकडा), पॅचकॉर्डमध्ये (जोडणीच्या छोट्या फायबरमध्ये) किंवा मक्सच्या त्या पोर्टवर असतो.

सगळे चॅनल एकाच क्षणी गेले तर केबल तुटली, लाइन बाजूचा (बाहेरच्या केबलकडचा) पॅचकॉर्ड निघाला किंवा एखाद्या टोकाची वीज गेली.

१५७१, १५९१, १६११ नॅनोमीटरचे चॅनल अशक्त आणि १४७१, १४९१ ठणठणीत, असं दिसलं तर फायबर कुठेतरी वाकली आहे. याबद्दल पुढे सविस्तर.

दुपारी एरर आणि रात्री काहीच नाही, हे तापमानाचं लक्षण.

पावसाळ्यात सगळ्या चॅनलचं रीडिंग हळूहळू एक-दोन डीबीने (डेसिबल, प्रकाश किती घटला याचं माप) उतरत गेलं तर संशय रस्त्याखालच्या चेंबरमधल्या केबलच्या जॉइंटवर घ्या.

प्रकाश भरपूर आहे, पोर्ट वर आहे, तरी सीआरसी एरर (वाटेत बिघडलेला डेटा) वाढताहेत? मळका कनेक्टर तपासा, किंवा प्रकाश गरजेपेक्षा जास्त येतोय का ते पाहा. जास्त प्रकाश हाही दोष असतो, हे पुष्कळांना पटत नाही.

शेवटचं लक्षण फक्त ॲक्टिव्ह यंत्रणेत दिसतं: स्क्रीनवर वीस-पंचवीस लाल अलार्म, आणि त्यातला खरा एखादाच.

दोन्ही मक्समधला फरक, दोष शोधण्यापुरता

पॅसिव्ह मक्स म्हणजे डब्यात बसवलेले काचेचे फिल्टर. त्याला वीज, सॉफ्टवेअर, आयपी ॲड्रेस यातलं काहीही नसतं. एका साइटवरून सुरक्षारक्षकाचा फोन आला होता, "मॅडम, मक्सचा एकही लाइट लागत नाहीये!" त्याला लाइट कधीच नव्हता. असा मक्स क्वचितच बिघडतो, पण दुसऱ्याचं बिघडलं तरी तो काही सांगत नाही. रंगीत तरंगलांबीचे एसएफपी थेट तुमच्या स्विचमध्ये बसतात, त्यामुळे जी काही माहिती मिळायची ती तिथूनच मिळते.

ॲक्टिव्ह यंत्रणेत स्विचचा साधा प्रकाश आधी ट्रान्सपॉन्डर कार्डात जातो, त्याचं विजेत रूपांतर होतं आणि ठरलेल्या तरंगलांबीवर तो पुन्हा बाहेर पडतो. पुढे गरजेप्रमाणे प्रकाश वाढवणारा ईडीएफए ॲम्प्लिफायर असतो. देखरेखीसाठी वेगळा सुपरव्हायजरी चॅनल असतो, बहुतेक ठिकाणी १५१० नॅनोमीटरवर. ही यंत्रणा प्रत्येक टप्प्याचं रीडिंग देते आणि एरर दुरुस्त होण्याआधी किती होते तेही सांगते. मात्र तिच्यासोबत वीजपुरवठा, पंखे, बॅटरी आणि परवाने येतात, म्हणजे बिघडण्यासारख्या जागाही वाढतात.

आता तपासण्या, फुकटातल्यापासून महागड्यापर्यंत.

काहीही हलवण्याआधी दोन्ही टोकांचं रीडिंग घ्या

एसएफपी स्वतःचं डीडीएम रीडिंग देतो: पाठवलेला प्रकाश, आलेला प्रकाश, लेझरला लागणारा वीजप्रवाह (बायस करंट), तापमान. हे चार आकडे स्विचवरून काढायला पैसा लागत नाही, तरी बहुतेक जण आधी पॅचकॉर्ड उपटतात आणि पुरावा घालवून बसतात.

दोन्ही टोकांचे आकडे लागतात, कारण तुमच्या एसएफपीला फक्त समोरून आलेला प्रकाश दिसतो. तुमचा प्रकाश तिकडे पोहोचला का, हे तिकडचाच एसएफपी सांगू शकतो. ठाण्याचं रीडिंग छान आहे म्हणून लिंक छान आहे असं होत नाही. महाप्याला फोन लावायलाच हवा.

किती यायला हवं? समजा केबल २२ किमी आहे. १५५० च्या आसपास किमीला ०.२५ डीबी धरले तर ५.५ डीबी. आठ चॅनलच्या मक्सचे दोन्ही टोकांना अडीच-अडीच, म्हणजे ५. दहा स्प्लाइसचा (फायबर वितळवून केलेल्या जोडांचा) १, चार कनेक्टरचे २. एकूण साडेतेरा. एसएफपी ० डीबीएम, म्हणजे एक मिलिवॉट, पाठवत असेल तर तिकडे उणे साडेतेराच्या आसपास दिसलं पाहिजे. ८० किमीच्या १०जी (१० गिगाबिटच्या) एसएफपीची ऐकायची मर्यादा साधारण उणे २३ असते, म्हणजे साडेनऊ डीबी हाताशी राहतात. त्यातले निदान ३ कायम शिल्लक ठेवा. केबल तुटेल, जोडली जाईल आणि प्रत्येक जोडणीत थोडा थोडा प्रकाश जाईल.

डीडीएमच्या आकड्यात ३ डीबीपर्यंत चूक चालते, असं त्याचं मानकच सांगतं. म्हणून शेजारच्या चॅनलच्या आकड्याशी तुलना करून फार काही हाती लागत नाही. तुलना करायची ती त्याच एसएफपीच्या जुन्या आकड्याशी. जुना आकडा नोंदवलेला नसेल तर आजपासून वही घाला. पॅसिव्ह यंत्रणेत ती वही हीच तुमची अलार्म सिस्टीम.

पाठवलेला प्रकाश उतरलाय आणि बायस करंट चढलाय, तर लेझर म्हातारा झालाय, एसएफपी बदला. पाठवलेला ठीक आणि समोर उणे ४० दिसतंय, तर वाटेत प्रकाशच नाही. पुढे चला.

योग्य एसएफपी योग्य पोर्टात आहे का?

हसू नका. रात्रपाळीत कोणीतरी एसएफपी बदलतो, लिंक उठत नाही, आणि सकाळी केबलवाल्याच्या नावाने बोंब सुरू होते.

सीडब्ल्यूडीएम, म्हणजे चॅनल लांब-लांब ठेवणाऱ्या प्रकारातल्या, एसएफपीच्या कडीचा रंग सहसा असा असतो: १४७० राखाडी, १४९० जांभळा, १५१० निळा, १५३० हिरवा, १५५० पिवळा, १५७० केशरी, १५९० लाल, १६१० तपकिरी. काही लेबलांवर १४७० तर काहींवर १४७१ लिहिलेलं असतं, दोन्ही एकच. रंगावर विसंबू नका, लेबल वाचा.

१५३० च्या पोर्टात १५५० चा एसएफपी लावला तर फिल्टर तो प्रकाश पुढे जाऊ देत नाही. पॅसिव्ह मक्स तक्रार करत नाही, एसएफपी "मी पाठवतोय" म्हणत राहतो, आणि समोर अंधार. गंमत म्हणजे एसएफपीचा ऐकणारा भाग रंगांधळा असतो, त्याला कुठलीही तरंगलांबी चालते. त्यामुळे एका टोकाला चुकीचा एसएफपी बसला की एकच दिशा बंद पडते. हे दृश्य दिसलं की आधी लेबल पाहा.

डीडब्ल्यूडीएममध्ये, म्हणजे चॅनल खेटून बसवणाऱ्या प्रकारात, चॅनल क्रमांक असतात: ३१ म्हणजे १९३.१ टेराहर्ट्झ, ३४ म्हणजे १९३.४. ट्यूनेबल (तरंगलांबी बदलता येणारा) एसएफपी वापरत असाल तर बदली एसएफपी कुठल्या चॅनलवर लावलेला आला ते तपासा. नव्या कोऱ्या एसएफपीनेही लिंक उठत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. एकाच फायबरवर दोन्ही दिशा चालवणारा मक्स असेल तर एका टोकाला ए आणि दुसऱ्या टोकाला बी जातीचा डबा लागतो. दोन्हीकडे ए बसवला तर कितीही साफसफाई करा, काही होणार नाही.

कनेक्टर पाहा, पुसा, परत पाहा

वारंवार येणाऱ्या दोषांत मला सर्वांत जास्त सापडलेलं कारण हेच. सिंगलमोड फायबरचा गाभा ९ मायक्रॉनच्या आसपास, त्यावर बसायला धुळीचा एक कण पुरतो. घोडबंदर रस्त्याला मेट्रोचं काम, नवी मुंबईत जिकडेतिकडे इमारती. बांधकामाची धूळ रॅकच्या खोलीत येतेच. मक्स लावला की कनेक्टरची संख्याही वाढते, त्यामुळे मळायच्या जागा वाढतात.

क्रम असा: लेझर बंद, तपासणीच्या स्कोपमधून टोक बघा, क्लिक करणाऱ्या क्लीनरने पुसा, पुन्हा बघा. शर्टाला पुसू नका. समोरच्या ॲडॉप्टरच्या आतलं टोकही पुसा, नाहीतर स्वच्छ कनेक्टर घाणीवर नेऊन टेकवाल.

निळा कनेक्टर यूपीसी, हिरवा एपीसी. हिरव्याचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं. निळा हिरव्यात घातला तर मध्ये फट राहते, बराच प्रकाश जातो आणि टोकं खराब होतात ती वेगळीच. घाईत लावलेल्या उसन्या पॅचकॉर्डात हे हमखास दिसतं.

वाकलेली फायबर

फायबर वाकली की लांब तरंगलांबीचा प्रकाश आधी गळतो, आखूड तरंगलांबीचा नंतर. म्हणून एकाच फायबरवर १६११ चा चॅनल मरायला टेकलेला आणि १४७१ चा मजेत, असं दिसतं. इथे आठ चॅनल म्हणजे आठ फुकटची मोजमापं आहेत. दोन्ही टोकांची रीडिंग त्यांच्या जुन्या आकड्यापेक्षा किती उतरली ते तरंगलांबीच्या क्रमाने मांडा. वरच्या बाजूला उतार दिसला तर वाक शोधा. सगळे सारखेच उतरले असतील तर कनेक्टर किंवा स्प्लाइस.

वाक बहुतेक वेळा रॅकच्या दारात चेमटलेल्या पॅचकॉर्डात सापडतो, नाहीतर केबल टाय कचकचून आवळलेल्या ठिकाणी, नाहीतर एफएमएसच्या (केबल रॅकमध्ये जिथे उघडते त्या डब्याच्या) ट्रेमध्ये कोंबलेल्या पिगटेलमध्ये (एकाच टोकाला कनेक्टर असलेल्या फायबरच्या तुकड्यात). साध्या जी.६५२ फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण देऊ नका. जी.६५७.ए१ जातीचा पॅचकॉर्ड १० मिलिमीटरपर्यंत सहन करतो, आणि मक्सच्या लाइन पोर्टला मी तोच लावते.

मधलेच, १३७१ ते १४११ च्या आसपासचे चॅनल कमजोर असतील तर तो वाक नव्हे. जुन्या फायबरच्या काचेत १३८३ नॅनोमीटरपाशी प्रकाश शोषला जातो. जी.६५२.डी मध्ये तो दोष काढलाय, पण जमिनीत जुनी केबल असेल तर ते चॅनल सोडून द्या. दुरुस्ती नाही त्याला.

दुपारचा दोष

साध्या सीडब्ल्यूडीएम लेझरला आतून थंड ठेवायची सोय नसते. तापमान एक अंश वाढलं की तरंगलांबी साधारण ०.१ नॅनोमीटर वर सरकते. चॅनल २० नॅनोमीटर अंतरावर असतात आणि फिल्टरची खिडकी मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण साडेसहा नॅनोमीटर. २५ अंशांना मध्यावर असलेला लेझर ६५ अंशांना ४ नॅनोमीटर सरकलेला असतो. कारखान्यातूनच तो दोन-तीन नॅनोमीटर वर असेल तर खिडकीच्या काठावर आला. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात, रस्त्याकडेच्या बंद कपाटात, दुपारी दोन ते चार या वेळेत नेमकं हेच घडतं.

उपाय आधी स्वस्त: जाळी साफ करा, पंखा चालू आहे का पाहा, एसएफपीचं तापमान तासातासाला नोंदवा. आलेला प्रकाश समोरच्या एसएफपीच्या तापमानाबरोबर खाली-वर होत असेल तर दोष सापडला. इंडस्ट्रियल ग्रेडचा एसएफपी घेतला म्हणून सरकणं थांबत नाही. तो उष्णतेत मरत नाही, एवढंच.

डीडब्ल्यूडीएममध्ये १०० गिगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये जेमतेम ०.८ नॅनोमीटर अंतर असतं, म्हणून लेझरला आतच थंड करणारं यंत्र असतं. ते थकलं की चॅनल शेजाऱ्याच्या हद्दीत शिरायला लागतो. काही डीडब्ल्यूडीएम मक्समधल्या फिल्टरला हीटर असतो आणि त्याला वीज लागते. "पॅसिव्ह आहे, वीज कशाला" म्हणून ती वायर काढून ठेवलेलीही पाहिली आहे.

एसएफपी की वाट?

ही तपासणी पाच मिनिटांची आहे. पोर्टवरचं सेवेचं कॉन्फिगरेशन काढा, एसएफपीचं पाठवणारं टोक त्याच्याच घेणाऱ्या टोकाला जोडा, मध्ये प्रकाश १५ डीबीने कमी करणारा अटेन्युएटर घाला. पोर्ट वर आला तर एसएफपी ठीक. अटेन्युएटर विसरू नका. ८० किमीचा एसएफपी उणे ७ डीबीएमपेक्षा जास्त प्रकाश सहन करत नाही, आणि थेट जोडलात तर चांगला एसएफपी जाळून नवा दोष तयार कराल. कॉन्फिगरेशन काढायचं कारण वेगळं: चालू व्हीलॅनवर (स्विचवरच्या आभासी नेटवर्कवर) लूप केलात तर अख्खं ऑफिस झोपेल.

एसएफपी ठीक निघाला आणि मक्सवर मोकळा पोर्ट असेल, तर त्या मोकळ्या पोर्टच्या तरंगलांबीची एसएफपी जोडी लावून तीच सेवा तिकडे हलवा. तिथे चालली तर मूळ पोर्ट किंवा त्याचा पॅचकॉर्ड खराब.

पॉवर मीटर आणि ओटीडीआर

पॉवर मीटरला रंग कळत नाहीत. लाइन पोर्टवर तो सगळ्या चॅनलची बेरीज दाखवतो. आठ सारखे चॅनल असतील तर एका चॅनलपेक्षा ९ डीबी जास्त दिसेल. तो आकडा पाहून "प्रकाश मस्त आहे" म्हणू नका, मक्सच्या पलीकडे चॅनलच्या पोर्टवर मोजा.

ओटीडीआर म्हणजे फायबरमध्ये प्रकाशाचे ठोके सोडून, परतलेल्या प्रकाशावरून दोष किती अंतरावर आहे ते सांगणारं यंत्र. त्याबाबत एक चूक फार होते. १५५० चा ओटीडीआर मक्सच्या १४७१ च्या पोर्टात लावतात आणि "शून्य मीटरवर केबल कट" असा निष्कर्ष काढतात. फिल्टरने तो प्रकाश अडवलेला असतो, केबलला काहीच झालेलं नसतं. ओटीडीआर मक्स बाजूला काढून थेट लाइन फायबरवर मारा, आणि त्याआधी समोरच्या टोकाचा पॅचकॉर्डही काढायला लावा, नाहीतर तिकडचा रिसिव्हर जाईल. चालू लिंकवर तपासायचं असेल तर १६२५ किंवा १६५० चा फिल्टरवाला ओटीडीआर लागतो.

१३१० आणि १५५० दोन्हीवर ट्रेस (ओटीडीआरचा आलेख) घ्या. जी पायरी १५५० वर मोठी आणि १३१० वर किरकोळ दिसते तो वाक. दोन्हीकडे सारखी दिसते ती खराब स्प्लाइस. अंतर वाचताना लक्षात ठेवा की ओटीडीआर फायबरची लांबी मोजतो, रस्त्याची नाही. चेंबरमध्ये ठेवलेल्या वेटोळ्यांमुळे ओटीडीआरचे ९ किमी रस्त्याने आठच भरतील. म्हणून आकडा घेऊन थेट खोदू नका, जुन्या ट्रेसमधल्या माहितीतल्या जॉइंटपासून पुढे मोजा. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली दर पावसाळ्यात पाणी तुंबतं. अशा भागातला जॉइंट संशयितांच्या यादीत वर ठेवा. पाणी स्वतः प्रकाश अडवत नाही. पण क्लोजरमध्ये (जॉइंटच्या डब्यात) पाणी आणि गाळ शिरला की ट्रेमधली वेटोळी हलतात, दाबली जातात, आणि पाण्यात राहिलेली काच हळूहळू कमजोर होते.

यंत्रणा ॲक्टिव्ह असेल तर

आधी वीज: उणे ४८ व्होल्ट, बॅटरी, पंख्यांची जाळी. मग अलार्म वेळेच्या क्रमाने लावा आणि सर्वांत पहिला वाचा. बाकीचे त्याची पिल्लं असतात.

सुपरव्हायजरी चॅनलही गेला आणि सगळे चॅनलही गेले, तर फायबर. सुपरव्हायजरी चालू आणि सगळे चॅनल बंद, तर ॲम्प्लिफायर. एकच बंद, तर ट्रान्सपॉन्डर किंवा त्याच्या स्विचकडच्या बाजूचा पॅचकॉर्ड. तो साधा स्वस्त पॅचकॉर्ड पाहायचा राहून जातो. केबल जोडल्यावर लेझर लगेच उठले नाहीत तर मिनिट-दीड मिनिट थांबा. सुरक्षेसाठी ते स्वतःहून बंद झालेले असतात आणि थांबून थांबून चाचपणी करतात. तेवढ्यात कार्ड रीसेट केलंत तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

दुरुस्तीपूर्वीचा एरर दर, ज्याला प्री-एफईसी म्हणतात, तो दर आठवड्याला पाहा. सेवेला धक्का लागण्याच्या कितीतरी आधी तो वाढू लागतो. ॲक्टिव्हवर पैसे घालायचे तर माझ्या मते मुख्यतः यासाठी.

मग बदलावं का? ठाणे ते नवी मुंबई २०-३० किमी, आठ-दहा चॅनल, दोन्ही टोकांना स्विच बघणारं माणूस, एवढ्यासाठी पॅसिव्ह पुरतो. अंतर ८० किमीच्या पुढे गेलं, चॅनल चाळीसच्या घरात गेले, किंवा करारात मिनिटामिनिटाचा दंड असेल तर ॲक्टिव्ह घ्या. सीडब्ल्यूडीएम ठेवून मध्ये ईडीएफए टाकू, हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ईडीएफए सर्वसाधारणपणे १५३० ते १५६५ एवढाच पट्टा वाढवतो, बाकीचे चॅनल तसेच राहतात.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

ॲम्प्लिफायरच्या लाइन पोर्टला हात लावू नका. १०० मिलिवॉटचा अदृश्य प्रकाश डोळा कायमचा घालवतो, आणि चालू असताना कनेक्टर काढला तर टोक जळतं. कुठल्याच फायबरमध्ये डोळ्याने बघू नका, स्कोपनेही लेझर बंद केल्यावरच.

ओटीडीआरने दोष इमारतीबाहेर दाखवला तर तुमचं काम संपलं. चेंबरमध्ये उतरू नका. तिथे वायू असतो, पाणी असतं, शेजारून विजेची केबल गेलेली असते. रस्ता खोदायला महापालिकेची परवानगी लागते आणि केबल तुमच्या मालकीची नसते. फ्यूजन स्प्लाइसचं यंत्र उसनं मिळालं म्हणून चालू बारा फायबरच्या ट्रेमध्ये हात घालू नका, उरलेल्या अकरा दुसऱ्या कोणाच्या तरी आहेत. मक्सचा डबा उघडायचा नाही, आत दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

फायबर देणाऱ्या कंपनीला फोन करताना हाताशी ठेवा: दोन्ही टोकांची आजची आणि जुनी रीडिंग, दोष पहिल्यांदा दिसल्याची वेळ, कुठले चॅनल जास्त उतरले ते, दोन्ही तरंगलांबींचे ट्रेस, आणि कुठल्या टोकाकडून मोजलं ते. "लिंक डाऊन आहे" एवढंच सांगितलंत तर ते आधी तुम्हालाच पॅचकॉर्ड काढून लावायला सांगतील. "वागळेकडून ११.४ किमीवर १५५० ला ३ डीबी, १३१० ला अर्धा" असं सांगितलंत तर टीम थेट त्या चेंबरकडे निघते.